ठमीचा स्वादुपिंडदाह आणि पाचपाखाडीतील पशुचिकित्सालय

ठाण्यातल्या पाचपाखाडीतील या पशुचिकित्सालयाला मी पाचपैकी चार तारे देत आहे आणि त्यांतला एकही तारा तिथल्या गारेगार प्रतीक्षागृहासाठी किंवा भिंतीवरच्या गोंडस मांजरांच्या चित्रांसाठी नाही. आजाराचे नाव सांगून मोकळे होण्याऐवजी तो शरीरात नेमका कुठे अडला आहे हे येथे शोधले जाते आणि जे सापडते ते प्राणी घेऊन आलेल्या माणसाला नीट समजावून दिले जाते, यासाठी हे तारे आहेत. मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे कुणी स्वादुपिंडाविषयी बोलू लागले की माझे कान जरा जास्तच टवकारतात. त्या कानांनी ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले येथे लिहीत आहे.

ठमी ही आमची अकरा वर्षांची मांजर. तिने एकाएकी मांदेलीकडे पाठ फिरवली, कपाटाखाली जाऊन बसली आणि पिवळसर पाण्यासारखी उलटी केली. घराजवळच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही तिला लसीकरणासाठी नेत असू, त्यांनी पोट चाचपले न चाचपले तोच केसांचा गोळा अडकला असल्याचे निदान केले, पित्तशामक इंजेक्शन दिले आणि एक गोड मलम चाटवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात तिच्या कानाची आतली बाजू हळदीचा हात लागल्यासारखी दिसली. केसांच्या गोळ्याने कावीळ होत नाही, एवढे मला ठाऊक होते. आमच्याच इमारतीतील एका श्वानपालकाने हे चिकित्सालय सुचवले आणि वर्तकनगरहून रिक्षाने आम्ही येथे आलो.

डॉक्टर तरुण आहेत, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या. त्यांनी ठमीला टेबलावर लगेच दाबून धरले नाही. टोपलीचे झाकण काढून तिला आतच बसू दिले, आधी माझ्याकडून हकिकत ऐकली आणि मग कान, हिरड्या व जिभेखालचा भाग पाहिला. मांजर किती वेळा ओकली, यापेक्षा ती केव्हापासून जेवलेली नाही यावर त्यांचे अधिक प्रश्न होते. त्याचे कारण त्यांनी लगेच सांगितले. मांजरांत स्वादुपिंडाला सूज आली तरी उलट्या होतीलच असे नाही आणि पोट दुखत असल्याचे तर ती सहसा दाखवतच नाहीत. मलूल होणे आणि अन्न सोडणे हीच बहुतेक वेळा मुख्य लक्षणे असतात. शिवाय लठ्ठ किंवा भरल्या अंगाची मांजर काही दिवस उपाशी राहिली, तर अंगातील चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढते.

रक्ततपासणीत बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) आणि यकृताची विकरे (एन्झाइम) वाढलेली निघाली. अमायलेज आणि साधे लिपेज या पाचक विकरांच्या मापावर मांजरांत फारसे विसंबता येत नाही, म्हणून मांजराच्या स्वादुपिंडातील लिपेज ओळखणारी वेगळी किट-चाचणी येथेच केली गेली व ती सकारात्मक आली. एवढ्यावर अनेक ठिकाणी फाईल बंद झाली असती. येथे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ही चाचणी संशय बळकट करते, पण सूज कशाने आली हे ती सांगत नाही आणि कावीळ असलेल्या मांजरात सोनोग्राफी केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकणे योग्य नाही. रक्तातील कॅल्शियमही त्यांनी आवर्जून तपासले. स्वादुपिंडातून सुटलेले लिपेज आजूबाजूची चरबी फोडते, त्यातून मोकळी झालेली मेदाम्ले कॅल्शियमशी बांधली जातात आणि रक्तातील कॅल्शियम खाली येते. मांजरांत ते फार घसरले तर आजार गंभीर वळणावर असल्याचे ते लक्षण मानतात. ठमीचे थोडेच कमी होते.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर बाहेरून येतात. त्यांनी पोटावरचे केस काढून, कोमट जेल लावून, पडदा माझ्याकडे वळवून काम केले, हे मला विशेष आवडले. स्वादुपिंड नेहमीपेक्षा काळपट आणि फुगलेले, त्याभोवतीची चरबी पांढरी, चकचकीत. पित्ताशयात दाट गाळ. आणि पित्तनलिका सहा मिलिमीटर रुंद. मांजरात ती साधारण चार मिलिमीटरपर्यंत असते आणि पाचाच्या पुढे गेली की खाली कुठेतरी अडथळा आहे असे समजतात. स्वादुपिंडनलिकाही रुंदावलेली दिसत होती, परंतु त्या गृहस्थांनी तेथे घाई केली नाही. मांजर म्हातारी होते तशी ही नलिका आपोआपच थोडी रुंदावते, तेव्हा एकट्या त्या मापावरून आजार ठरवू नये, बाकीच्या चित्राबरोबर ते वाचावे, असे त्यांनी अहवालातही लिहिले आहे. वर्गात इतकी वर्षे ‘निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहा’ म्हणून घसा कोरडा केलेल्या बाईला असा अहवाल वाचून काय वाटले असेल, ते समजून घ्यावे.

त्यानंतर डॉक्टरांनी औषधचिठ्ठीच्या पाठीमागे बॉलपेनने एक आकृती काढली. ती मी जपून ठेवली आहे, कारण पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा ती अधिक कामाची होती. कुत्र्यांत बहुधा स्वादुपिंडाच्या दोन नलिका असतात. त्यांपैकी मोठी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात स्वतंत्र छिद्राने उघडते आणि लहान नलिका पित्तनलिकेच्या शेजारी उघडते. मांजरांत बहुतेक वेळा एकच नलिका असते आणि ती आतड्यात शिरण्याआधी पित्तनलिकेला जाऊन मिळते. दुसरी नलिका साधारण पाचांतल्या एकाच मांजराला असते. त्यामुळे त्या सामाईक तोंडाशी गाळाचा गठ्ठा, खडा, गाठ किंवा नुसती आतड्याच्या अस्तराची सूज आली, तरी पित्त आणि स्वादुरस दोन्ही एकदम तुंबतात. यकृताच्या नळ्या, स्वादुपिंड आणि आतडे यांचे दुखणे मांजरात एकत्र दिसण्यामागे ही रचना हे एक मोठे कारण आहे. ‘घरातल्या दोन मोऱ्यांचे पाणी एकाच नळीने बाहेर जात असेल तर काय होईल, ते तुम्हाला मी काय सांगू,’ एवढेच डॉक्टर म्हणाल्या आणि मला खरोखरच आणखी काही सांगावे लागले नाही.

पुढचा भाग मात्र त्यांनी सविस्तर सांगितला. प्रथिने पचवणारी विकरे स्वादुपिंड निष्क्रिय रूपात बनवते. ट्रिप्सिनोजेनचे ट्रिप्सिन होते ते आतड्यात गेल्यावर, तेथील एन्टेरोपेप्टिडेज या विकरामुळे. वाटेत चुकून थोडे ट्रिप्सिन तयार झालेच, तर ते आवरण्यासाठी पेशीत ही विकरे ज्या कणिकांत साठवलेली असतात त्यांतच एक निरोधकही भरलेला असतो आणि ट्रिप्सिनोजेनला जागे करू शकणारी विकरे लायसोसोम या पेशीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असतात. नलिका अडली की पेशी रस बनवणे थांबवत नाही, पण तो बाहेर टाकण्याची वाट बंद होते. नळीतला दाब वाढतो, पेशीतील कॅल्शियमचे संकेत बिघडतात, साठलेल्या कणिका आणि लायसोसोम एकमेकांत मिसळतात आणि कॅथेप्सिन बी नावाचे विकर ट्रिप्सिनोजेनला पेशीच्या आतच जागे करते. एकदा थोडे ट्रिप्सिन मोकळे झाले की ते बाकीच्या विकरांना जागे करत सुटते: फॉस्फोलिपेज पेशींची पटले फोडते, इलॅस्टेज रक्तवाहिन्यांच्या भिंती खाते आणि आतड्यातले अन्न पचवण्यासाठी बनवलेले सामान स्वादुपिंड स्वतःवरच वापरू लागते. मग पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, सूज वाढते, सुजेने रक्तपुरवठा मंदावतो आणि आजार वाढला तर तो पोटापुरता राहत नाही.

येथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. नलिका बांधली की स्वादुपिंडदाह होतो, असे सरळ समीकरण असेल तर बॅन्टिंगच्या कुत्र्यांचे काय, असे मी विचारले. फ्रेडरिक बॅन्टिंग यांनी 1920 मध्ये स्वादुपिंडनलिकेतील खड्यांविषयीचा मोझेस बॅरन यांचा लेख वाचला आणि कुत्र्याची नलिका बांधून ठेवली तर पाचकरस बनवणारा भाग झिजून जाईल व लँगरहॅन्सची बेटे (इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके) शिल्लक राहतील, ही कल्पना त्यांना सुचली. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी याच मार्गाने सुरुवात केली आणि त्यातून इन्सुलिन हाती आले. त्या कुत्र्यांचे स्वादुपिंड आक्रसले, पेटले नाही. उलट 1901 मध्ये रोगशास्त्रज्ञ युजीन ओपी यांनी शवविच्छेदनात पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकलेला खडा आणि रक्तस्रावी स्वादुपिंडदाह एकत्र पाहिला होता. मग खरे काय?

बाहेर पाच प्राणी खोळंबलेले असताना डॉक्टरांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की दोन्ही खरे आहे आणि प्राण्यागणिक उत्तर बदलते. उंदरात नलिका नुसती बांधली तर सूज येते आणि पुढे ग्रंथी झिजते. पण ऑपॉसम या प्राण्यात पित्त आणि स्वादुपिंडाची सामाईक नलिका बांधली तर स्वादुपिंडाच्या ऊतींचा नाश होण्याइतका तीव्र आजार होतो. अडथळ्याबरोबरच ग्रंथीला रस स्रवण्याची जोरदार चिथावणी मिळत असेल, रक्तपुरवठा कमी पडत असेल किंवा संसर्ग झालेले पित्त उलटे शिरत असेल, तर सौम्य सुजेचे गंभीर दाहात रूपांतर होऊ शकते. म्हणजे अडथळा हे मोठे कारण, पण बहुधा एकटे नव्हे. त्याहूनही प्रामाणिक वाक्य त्यानंतरचे होते: ठमीच्या बाबतीत आधी गाळ अडकून स्वादुपिंड सुजले, की आधी सुजलेल्या स्वादुपिंडाने शेजारची पित्तनलिका दाबली, हे आजच्या चित्रावरून सांगता येत नाही. कुत्र्यांत तर दुसराच क्रम अधिक दिसतो. कारण ठामपणे ठोकून देण्याचा मोह टाळणारा डॉक्टर माणसांच्या दवाखान्यातही मला क्वचितच भेटला आहे.

उपचारांचा निर्णयही याच विचारातून आला. नलिका पूर्ण बंद असेल आणि उघडत नसेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही, पण सुजलेल्या स्वादुपिंडाच्या मांजराला भूल देणे जोखमीचे असते. पित्त थोडे तरी झिरपत असेल तर सूज उतरल्यावर वाट आपोआप मोकळी होऊ शकते. म्हणून आधी सलाईन, मळमळ थांबवणारे औषध आणि वेदनाशामक, मग ठरावीक अंतराने पुन्हा बिलिरुबिन व सोनोग्राफी, असा मार्ग त्यांनी सुचवला आणि कोणत्या स्थितीत शस्त्रक्रियेकडे वळावे लागेल हेही आधीच सांगून ठेवले. दोन बारीक गोष्टींवरून मला त्यांच्या कामाची पारख झाली. नाकातून अन्न भरवण्याची नळी घालण्याआधी त्यांनी व्हिटॅमिन के दिले, कारण पित्त आतड्यात पोहोचले नाही तर हे स्निग्धात विरघळणारे जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठण्यात अडचण येऊ शकते. दुसरे असे की पित्त पातळ करणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल त्यांनी पहिल्या दिवशी हेतुतः दिले नाही. पूर्ण अडथळा असताना ते देऊ नये. वाट मोकळी असल्याचे दिसल्यावरच ते सुरू करायचे. औषध न देण्याचे कारण लिहून देणारी चिठ्ठी मी प्रथमच पाहिली.

अन्न बंद ठेवून स्वादुपिंडाला विश्रांती द्यावी, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे, असे त्यांनी सांगितले. नळीवाटे पातळ केलेले अन्न त्याच संध्याकाळी सुरू झाले. वेदनाशामकासाठी ब्युप्रेनॉर्फिन वापरले आणि घरच्या पॅरासिटॅमॉलचा अर्धा तुकडासुद्धा मांजराला विष ठरतो, हे मी न विचारताच बजावले. माझ्यासारखीला हे ठाऊक असले तरी प्रत्येकाला ते बजावलेच पाहिजे. प्रतिजैविकांचा भडिमारही नव्हता. पित्तनलिकेच्या संसर्गाचा संशय असल्याने एकच दिले आणि केवळ स्वादुपिंडदाह असता तर तेही दिले नसते, असे सांगितले.

सलाईन चालू असताना शेजारच्या टेबलावर एक लॅब्रॅडोर होता. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरण्याची त्याची बसण्याची तऱ्हा पाहूनच डॉक्टरांनी पोटदुखी ओळखली. गटारीच्या रात्री घरातल्या एका काकांनी मटणाच्या रश्श्यावरचा तवंग आणि चरबीचे तुकडे प्रेमाने त्याच्या ताटलीत वाढले होते. त्याची सोनोग्राफी झाली तेव्हा कुठेही अडथळा नव्हता. त्याच्यासाठी कमी चरबीचे अन्न हा उपचाराचा मुख्य भाग होता, तर ठमीला मात्र जे खाईल ते खाऊ द्या, असा सल्ला मिळाला, कारण मांजरात आहारातील चरबीला तेवढे महत्त्व दिले जात नाही. एकाच नावाच्या आजाराचे दोन वेगळे उपचार एकाच खोलीत पाहायला मिळाले. कुत्र्या-मांजरांच्या बहुतेक स्वादुपिंडदाहात नेमके कारण सापडतच नाही, हेही डॉक्टरांनी त्या काकांना, थोडा दिलासा मिळावा म्हणून असेल, सांगितले. काकांना तो पुरेसा वाटल्याचे दिसले नाही.

येथील मदतनीस मुलाचा वेगळा उल्लेख करायला हवा. ‘काकू, आधी पाच मिली कोमट पाणी, मग जेवण, मग परत पाणी, नाहीतर नळी जाम होते,’ असे म्हणत त्याने सिरिंज माझ्या हातात दिली आणि मी स्वतः एक भरण पूर्ण करीपर्यंत तो हलला नाही. अन्न गाळणीतून दोनदा गाळायचे, दट्ट्या अंगठ्याने नव्हे तर तळहाताच्या उशीने सावकाश दाबायचा, मांजराने ओठ चाटायला सुरुवात केली की थांबायचे, कारण ती मळमळीची खूण असते: हे कोणत्याही छापील पत्रकात नव्हते. घरी नळी एकदाही जाम झाली नाही, याचे श्रेय त्याला.

पुढच्या तपासणीत पित्तनलिका आकसू लागल्याचे दिसले, बिलिरुबिन उतरले आणि शस्त्रक्रिया टळली. ठमीने नळी असतानाच वाटीतले उकडलेले कोंबडीचे तुकडे उचलले, तेव्हा नळी काढून टाकली. बी-12 ची इंजेक्शने अजून चालू आहेत आणि दाह पुन्हा उद्भवू शकतो, तो वारंवार झाला तर मधुमेह किंवा पाचकरसांची कमतरता उद्भवू शकते, याची कल्पना आम्हाला दिलेली आहे.

आता पाचवा तारा का नाही, ते. पहिल्या दिवसाचे बिल बारा हजारांच्या घरात गेले. तपासण्यांची यादी पाहता ते अवाजवी म्हणता येणार नाही, परंतु आकडा शेवटी खिडकीवर कळला. उपचार सुरू करण्याआधी अंदाज कागदावर द्यायला काय हरकत आहे? निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. आम्ही योगायोगाने त्याच दिवशी गेलो, पण अडथळ्याच्या कावीळीत वाट पाहणे परवडणारे नसते, तेव्हा फोनवर ही माहिती आधीच मिळायला हवी. घरी सोडताना दिलेला कागद इंग्रजी संक्षेपांनी इतका भरलेला आहे की तोंडी एवढे सुंदर समजावणाऱ्या डॉक्टरांनीच तो लिहिला यावर विश्वास बसत नाही. मराठीत एक साधे पान, औषध कोणते, केव्हा, किती आणि कशासाठी, एवढे छापून ठेवले तर लोकांचे अर्धे फोन वाचतील. रात्री दहानंतर येथे कुणी नसते आणि प्राणी मुक्कामाला ठेवण्याची सोय नाही. सलाईनची सुई तशीच ठेवून मांजर रात्री घरी न्यावी लागते व सकाळी परत आणावी लागते, जे कॅडबरी जंक्शनची सकाळची गर्दी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना निराळे सांगायला नको. गाडी लावायला जागा जवळजवळ नाहीच.

लस, नखे, जंतांचे औषध एवढ्यासाठी कुणी वर्तकनगर किंवा घोडबंदरहून येथे यावे असे मी म्हणणार नाही. ती कामे घराजवळ होतात. परंतु मांजराने सलग दोन दिवस अन्नाला तोंड लावले नसेल, किंवा कान आणि हिरड्या पिवळ्या दिसत असतील, तर आधी फोन करून सोनोग्राफीचा वार विचारावा, जुने रक्ताचे अहवाल बरोबर घ्यावेत आणि सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचावे. मंगळवारी चिकित्सालय बंद असते, ही पाटी मात्र दारावर इतकी लहान अक्षरांत आहे की ती वाचायला जिना चढून जावे लागते.